मदत हवी आहे: ट्रॅक्टरवरच्या ट्रॅकरच्या डबीत पाणी साचतंय

जालना-परतूर भागातल्या ट्रॅक्टरांवर बॉनेटखाली, फायरवॉलला (इंजिन आणि चालक यांच्यामधला पत्रा) जीपीएस ट्रॅकर बसवलेत. डबी पॉलीकार्बोनेटची, आयपी६७ (धूळ-पाणी रोखणारी), झाकणाला सिलिकॉन गॅस्केट, वायरसाठी खालून पीजी७ ग्लँड (वायरभोवती आवळणारी बूच). तरी उघडली की पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) खालच्या कडेला थेंब आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर!

माझा अंदाज असा. काम करून गाडी थेट वॉशिंगला जाते. आतली हवा ७० अंशांवरून ३० वर आली की बंद डबीत दाब जवळपास ०.१२ बार घसरतो आणि जिथे फट सापडेल तिथून पाणी ओढलं जातं. गॅस्केटवर धुळीचा किंवा पाण्याचा माग दिसत नाही, म्हणून संशय वायरवर आहे: ग्लँड बाहेरून आवळतो, पण वायरच्या तारांमधून, इन्सुलेशनच्या आतून, पाणी चढतंच. बाहेरचा जोड नुसत्या टेपचा असेल तर हमखास.

विचारायचं ते हे:

१. पीटीएफई पडद्याचा एम१२ व्हेंट (हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा) खालच्या बाजूला लावला, तर आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि डिझेलचा तेलकट थर यांनी तो किती दिवसांत बुजतो?

२. वायर आत येते तिथे तारा सोलून, सोल्डरने भरून त्यावर पॉटिंग केलं (रेझिन ओतून बंद केलं) तर पुरतं का? पूर्ण पीसीबी पॉट करायची इच्छा नाही. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा भाग) तापतो, शिवाय दुरुस्ती संपते.

३. बॅटरीची वायर सैल झाली की अल्टरनेटरचा लोड डंप (व्होल्टेजचा मोठा झटका) येतो. ६०० वॉटचा एसएमबीजे टीव्हीएस (झटका शोषणारा डायोड) त्यात शॉर्ट होतोय. जागा कमी आहे, एसएम८एस२४ए हा मोठा टीव्हीएस मावेल असा लेआउट कुणी केलाय का?

वाळूज किंवा लातूरकडे व्हेंट सुटे मिळत असतील तर तेही सांगा.