घोस्टवायर: टोकियो – ईथर सतत संपतो, लढण्याची पद्धत चुकते आहे का?

प्रश्न (रात्रीचा_वाटसरू)

नमस्कार. गेल्या पंधरवड्यापासून मी प्लेस्टेशन ५ वर ‘घोस्टवायर: टोकियो’ हा भुताखेतांशी लढण्याचा व्हिडिओ गेम खेळत आहे. शिबुयाच्या चौकात माणसे नाहीशी होऊन त्यांचे कपडे तेवढे रस्त्यावर उरतात, त्या पहिल्या प्रसंगापासूनच या गेमने मला धरून ठेवले आहे. अडचण लढाईची आहे. तोरी दरवाजाजवळ (जपानी देवळाच्या कमानीजवळ) चार-पाच व्हिजिटर, म्हणजे भुतासारखे शत्रू, एकदम अंगावर आले, की वारा, पाणी आणि आग या तिन्हींचा ईथर (मारे करण्यासाठी लागणारी शक्ती) मिनिटाभरात संपतो आणि मग हाताने मारत मागे सरकण्याखेरीज काही उरत नाही. छत्रीवाल्या व्हिजिटरांवर वाऱ्याचे निम्मे मारे वायाच जातात. एकच तोरी शुद्ध करण्यासाठी (त्याने आजूबाजूचे धुके ओसरते) मी काल सात वेळा मेलो.

दुसरा प्रश्न असा, की शहरभर तरंगणारे निळसर आत्मे आधी गोळा करावेत, की मुख्य कथा पुढे नेऊन मग त्यांच्याकडे वळावे?

उत्तर १ (कंदिलाखाली)

तुमच्या वर्णनावरून असे वाटते, की तुम्ही प्रत्येक व्हिजिटर ईथरचे मारे करूनच संपवता आहात. हा गेम बंदुकीच्या गेमसारखा दिसत असला, तरी त्यातला हिशेब वेगळा आहे. पुरेसा मार बसला, की व्हिजिटरच्या छातीतला कोअर, म्हणजे गाभा, उघडा पडतो. त्या क्षणी मारा थांबवावा आणि हातातून सुटणाऱ्या तारेने तो कोअर खेचून काढावा, कारण खेचलेल्या कोअरमधून ईथर परत मिळतो आणि थोडी हेल्थही भरून येते. दोन-तीन व्हिजिटरांचे कोअर एकाच वेळी उघडे असतील, तर तारा सगळ्यांवर एकदम टाकता येतात. मात्र खेचत असताना चौथ्याने तडाखा दिला, तर सगळी खेच तुटते. म्हणून त्याला आधी लांब ढकलावे किंवा सुन्न करणारा तावीज फेकून जागीच खिळवून ठेवावे आणि मगच कोअरला हात घालावा.

तिन्ही तत्त्वांची कामे वाटून द्या. वाऱ्याचे मारे भरपूर असतात, तेव्हा एकट्या-दुकट्यासाठी वारा पुरेसा आहे. पाण्याचे पाते आडवे पसरते, म्हणून ते घोळका जवळ येईपर्यंत राखून ठेवावे. आगीचे मारे फार थोडे मिळतात. ते मोठ्या व्हिजिटरांसाठी किंवा अगदी कोंडीत सापडल्यावरच वापरावेत. छत्रीवाला छत्री उघडून उभा असताना समोरून वारा मारत राहणे म्हणजे ईथर ओतून टाकणे आहे. त्याला वळसा घालून बाजूने किंवा मागून गाठावे.

त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे लढाई सुरूच होऊ न देणे. खाली वाकून मागून पोहोचलात, तर व्हिजिटर एका झटक्यात शुद्ध होतो आणि ईथरचा थेंबही खर्च होत नाही. तोरीजवळ पोहोचण्याआधी छपरावरून स्पेक्ट्रल व्हिजनने (आडोशामागचे शत्रूही दाखवणाऱ्या नजरेने) पाहून घ्या, कडेचे दोघे गुपचूप संपवा आणि उरलेल्यांसाठीच हात उगारा. तोरीकडे सरळ रस्त्याने धावत जाण्याची सवय मलाही सुरुवातीला महाग पडली होती. आजूबाजूला हवेत तरंगणाऱ्या चकाकत्या वस्तू फोडल्या, की त्यांतूनही ईथर मिळतो; त्या लढाईपूर्वी फोडून न टाकता लढाईच्या मध्यासाठी ठेवाव्यात.

उत्तर २ (क्षितिगर्भ)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक महत्त्वाची गोष्ट राहिली. गल्लीबोळांत आणि देवळांच्या आवारात दगडी जिझो मूर्ती आहेत. त्या केवळ शोभेच्या नाहीत. त्यांच्यापुढे प्रार्थना केल्यावर ईथर साठवण्याची कमाल मर्यादा कायमची वाढते. तुमचा साठा मिनिटाभरात संपतो, याचे निम्मे कारण तुम्ही या मूर्तींवरून पुढे निघून गेलात, हेही असू शकेल.

जिझो म्हणजे आपल्या संस्कृत परंपरेतला बोधिसत्त्व क्षितिगर्भ. तो चीनमार्गे जपानला पोहोचला आणि तिथे वाटसरूंचा आणि अकाली गेलेल्या मुलांचा रक्षक झाला. म्हणूनच तो रस्त्याच्या कडेला उभा असतो. गेमचा नायक अकितो ज्या हस्तमुद्रांनी ईथर सोडतो, त्यांच्यामागेही जपानमधली नऊ मुद्रांची ‘कुजी’ परंपरा आहे, आणि मुद्रा हा शब्द तर आपल्या ओळखीचाच आहे. हे ठाऊक झाल्यापासून मी एकाही मूर्तीपुढून न थांबता गेलेलो नाही.

उत्तर ३ (फोनबूथ)

आत्म्यांविषयी सांगतो. या शहरात एकूण २,४०,३०० आत्मे आहेत आणि ते सगळे सुरुवातीलाच गोळा करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण बराचसा नकाशा धुक्याखाली असतो आणि त्या धुक्यात शिरले, की जीव जातो. शिवाय आत्मे सामावून घेणारे कागदी काताशिरो सुरुवातीला मोजकेच मिळतात. माझ्या मते वाटेत दिसतील तेवढे घ्यावेत, काताशिरो भरत आले, की जवळच्या फोनबूथवरून पाठवून द्यावेत आणि मिळालेल्या पैशांतून आणखी काताशिरो आणि खाद्यपदार्थ विकत घ्यावेत. पाठवलेल्या आत्म्यांमुळे लेव्हल वाढते, त्यामुळे भरलेले काताशिरो खिशात घेऊन कठीण तोरीकडे जाण्यात शहाणपणा नाही.

धनुष्यबाणाचा सरावही आताच करून ठेवा. पुढे काही प्रसंगी केके, म्हणजे अकितोच्या शरीरात राहून त्याला ही शक्ती देणारा आत्मा, अकितोपासून वेगळा पडतो आणि तेव्हा ईथर अजिबात वापरता येत नाही. धनुष्य, तावीज आणि मागून शुद्धीकरण एवढ्यावरच निभवावे लागते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (रात्रीचा_वाटसरू)

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री मागे फिरून दोन जिझोंपुढे प्रार्थना केली, भरलेले काताशिरो फोनबूथवर रिकामे केले आणि वाढलेल्या लेव्हलमधून कोअर लवकर खेचण्याचे कौशल्य घेतले. त्यानंतर छपरावरून उतरून कडेचे दोघे मागून शुद्ध केले आणि उरलेल्या तिघांचे कोअर एकदम खेचले. तोरी तिसऱ्या प्रयत्नात शुद्ध झाली आणि तेव्हा आगीचे दोन मारे शिल्लक होते. धुके ओसरल्यावर पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी आणखी एक जिझो दिसला; आज तिथूनच सुरुवात करणार आहे.