मदत हवी आहे: राष्ट्रपती थेट जनतेने का निवडू नये? वादविवादासाठी मुद्दे

नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्याला अकरावी-बारावीच्या मुलांची वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'राष्ट्रपती थेट जनतेनेच निवडावा', आणि विरोधी बाजूच्या दोन मुलांची तयारी माझ्याकडे आहे. आपली आत्ताची पद्धतच, म्हणजे निवडून आलेल्या खासदार-आमदारांनी मिळून राष्ट्रपती निवडायची, बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं, पण दोन ठिकाणी अडलोय.

आधी जे तयार आहे ते सांगतो. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत के. टी. शहांनी थेट निवडणुकीची मागणी केली होती, तेव्हा बाबासाहेबांचं म्हणणं असं की आपला राष्ट्रपती नामधारी आहे, अमेरिकेसारखा कारभार त्याच्या हातात नाही, मग एवढ्या प्रचंड मतदारांची निवडणूक कशाला. मुलांना हे पटेना, मग नगराध्यक्षाचं उदाहरण दिलं. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा, बहुमत दुसऱ्यांचं, की प्रत्येक सभेत 'मला जनतेनं निवडलंय', 'मग आम्हाला कोणी निवडलंय' आणि पाण्याच्या लाईनचा ठराव पडून. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांत असं सुरू झालं तर काय, हे मुलांनी लगेच पकडलं.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो तो राज्यांचा मुद्दा. आमदाराच्या मताचं मूल्य म्हणजे राज्याची 1971 ची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, आणि त्याला परत 1000 ने भाग. महाराष्ट्राचे 5 कोटी 4 लाख भागिले 288, मग भागिले 1000, म्हणजे 175. सिक्कीमचं 7 येतं. मग देशातल्या सगळ्या आमदारांची मतं मिळून जेवढं होतं तेवढंच वजन खासदारांना वाटून देतात. 2022 ला आमदारांचं 5,43,231 आणि खासदारांचं 5,43,200, म्हणजे जवळजवळ तंतोतंत निम्मं निम्मं! नुसत्या खासदारांनी निवडला असता तर तो लोकसभेतल्या बहुमताचाच माणूस झाला असता, इथे राज्यांनाही तेवढाच वाटा आहे.

'पक्ष सांगेल तेच होतं' या आक्षेपाला 1969 ठेवलंय. व्हिप, म्हणजे 'यालाच मत द्या' असा पक्षाचा आदेश, काढता येत नाही, मतदान गुप्त, आणि तेव्हा काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले आणि दुसऱ्या पसंतीची मतं मोजून व्ही. व्ही. गिरी आले. 2007 ला शिवसेना भाजपच्या एनडीएत असून काँग्रेस आघाडीच्या उमेदवार प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिली तेही आहेच.

आता अडचण. एक, समोरचे आयर्लंड आणि ऑस्ट्रिया काढणार हे नक्की, तिथे राष्ट्रपती थेट निवडतात आणि रोजचा कारभार तरी पंतप्रधान किंवा चान्सलरच बघतात, भांडणं काही होत नाहीत. मी 'ते देश लहान आहेत' एवढंच म्हणू शकतो आणि ते मलाच लंगडं वाटतं.

दोन, 1971 ची लोकसंख्या. तामिळनाडूच्या आमदाराचं मूल्य 176, आपलं 175. पण 2011 ची जनगणना धरली तर आपलं 390 येतं आणि त्यांचं 308. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा नको म्हणून आकडा गोठवलाय हे मला मान्य आहे, योग्यच आहे, पण महाराष्ट्रातल्याच श्रोत्यांसमोर 'आपलं वजन कमी राहिलं तरी चालेल' हे सतरा वर्षांच्या मुलीने दोन मिनिटांत कसं मांडायचं?

राज्यशास्त्र शिकवणारे किंवा स्पर्धा गाजवलेले कोणी असाल तर या दोन्हीवर तुम्ही काय उत्तर दिलं असतंत ते प्लीज सांगा, मुद्दा कच्चा असला तरी चालेल, आम्ही बसून पक्का करू.