बर्नार्डिनेली-बर्नस्टाईन धूमकेतू २०३१ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसेल का?

वरच्या प्रतिसादात असे म्हटले आहे की, या धूमकेतूचे केंद्रक सुमारे १३० किलोमीटर व्यासाचे असल्यामुळे तो २०३१ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आकाराबद्दलचे विधान बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. जानेवारी २०३१ मध्ये उपसूर्य बिंदूवर, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ, असतानाही तो सूर्यापासून जवळजवळ ११ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर), म्हणजे शनीच्या कक्षेच्याही पलीकडे असेल. २०२१ मध्ये साधारण २० एककांवर असताना त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद) २० च्या आसपास होती. केवळ परावर्तित प्रकाशाचा विचार केला, तर सूर्य आणि पृथ्वी या दोन्हींपासूनचे अंतर घटल्यामुळे तो सुमारे १२ पट उजळेल, म्हणजे तीन प्रतींपेक्षाही कमी. नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीपर्यंत येण्यासाठी मात्र तो चार लाख पट उजळायला हवा. वायू आणि धूळ बाहेर पडून आणखी भर पडेल हे खरे, पण इतक्या थंड प्रदेशात पाण्याच्या बर्फाचे बाष्पीभवन जवळजवळ होतच नाही.

एवढ्या दूरचा धूमकेतू उपसूर्य बिंदूवर येण्याची तारीख दहा वर्षे आधी कशी सांगता येते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. याचे उत्तर जुन्या छायाचित्रांत आहे. चिलीतील चार मीटर दुर्बिणीने २०१४ ते २०१८ या काळात घेतलेल्या प्रतिमांमध्ये तो आधीच टिपला गेला होता, त्यामुळे २०२१ मध्ये शोध जाहीर झाला तेव्हाच कक्षेचा अनेक वर्षांचा कंस, म्हणजे नोंदवलेल्या मार्गाचा तुकडा, हाती होता आणि त्यावरून पुढचा मार्ग काढता आला.