मिथुन उल्कावर्षाव : फिल्मवर उल्का टिपताना शटर किती वेळ उघडे ठेवावे?

प्रश्न :
१३-१४ डिसेंबरच्या रात्री बदलापूरजवळच्या वांगणीहून मिथुन राशीतील उल्कावर्षावाची छायाचित्रे घ्यायची आहेत. डिजिटल कॅमेऱ्याला २४ मिमी एफ/१.४ लेन्स आहे आणि वडिलांच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याला ५० मिमी एफ/१.८. उल्का ठळक उमटावी म्हणून फिल्मवर अर्धा-अर्धा तास शटर उघडे ठेवावे का? लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते असेही ऐकले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
एक्स्पोजर वाढवल्याने उल्का ठळक होत नाही. या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि त्यांची प्रतिमा फिल्मच्या एखाद्या बिंदूवरून काही सहस्रांश सेकंदांतच सरकून जाते. त्यानंतर तिथे साठत राहतो तो केवळ आकाशाचा उजेड. खरे महत्त्व आहे ते लेन्सच्या छिद्राच्या व्यासाला (लेन्सचे मिमी भागिले एफ-अंक) आणि फिल्मच्या संवेदनशीलतेला, म्हणजे आयएसओला. आपल्या ५० मिमीचे छिद्र सुमारे २८ मिमी, तर २४ मिमीचे सुमारे १७ मिमी आहे. त्यामुळे फिल्म कॅमेऱ्याची लेन्स अधिक प्रकाश गोळा करील, मात्र तिच्या नजरेत आकाशाचा बराच लहान तुकडा येईल. अधिक उल्का हव्या असतील तर माझा कौल २४ मिमीला.

फिल्म मंदावते हे खरे आहे, पण त्याची झळ उल्केला बसत नाही. फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी क्षाराच्या कणावर प्रकाश अगदी सावकाश पडत राहिला, तर सुप्त प्रतिमा (धुण्याआधीचा अदृश्य ठसा) स्थिरावण्याआधीच विरून जाते. उल्केचा प्रकाश मात्र एकदमच येतो. त्यामुळे मंदावते ती आकाशाची पार्श्वभूमी, आणि ते आपल्या पथ्यावरच पडते. तरीही बदलापूर-कल्याणकडचा उजेड पाहता अर्धा तास फार होईल. ४०० आयएसओचा रोल घालून सुरुवातीच्या फ्रेम २, ५ आणि १० मिनिटांच्या ठेवाव्यात.

प्रतिसाद २ :
डिजिटलसाठी १० ते १५ सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) आणि एकामागून एक अखंड फ्रेम. लांब एक्स्पोजरचे नॉइज रिडक्शन (चित्रातले नको असलेले ठिपके काढण्याची सोय) आवर्जून बंद करावे, कारण प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि निम्मी रात्र वाया जाते. उद्गमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना भासतात ती जागा, पुनर्वसूतील कॅस्टर ताऱ्याजवळ असून रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. लांब रेषा हव्या असतील तर कॅमेरा त्यापासून ३०-४० अंश बाजूला वळवावा. लागोपाठच्या फ्रेममध्ये तीच रेषा पुढे सरकताना दिसली, तर तो उपग्रह किंवा विमान समजावे. लेन्सवर दव धरते, तेव्हा दर अर्ध्या तासाने काच तपासावी.