जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकी ढोल) निवडताना काय तपासावं? पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा, सैल पडली तर दोरी कशी ओढायची?

अनवट:
दोरीने ताणलेलं, पश्चिम आफ्रिकी घडणीचं जेंबे घ्यायचं आहे. तबल्याची सवय आहे, जेंबेची नाही. आकार किती असावा? पुडी बकऱ्याची घ्यावी की कृत्रिम? दमट हवेत आवाज बसतो, त्यावर उपाय काय?

खोडपारखी:
मोठ्या माणसासाठी तोंडाचा व्यास ३० ते ३३ सेंमी आणि उंची ६० सेंमीच्या आसपास. खोड एकाच ओंडक्यातून कोरलेलं बघा. गिनी-मालीकडे लेंके, दुगुरा, जाला अशी जड लाकडं वापरतात.

नक्षी सगळ्यात शेवटी बघा, आधी काठ! तोंडाचा काठ बाहेरून गोलसर हवा. धारदार असेल तर बोटं सोलतात आणि पुडीही तिथेच कापली जाते. मग खालच्या तोंडातून विजेरी टाकून आत बघा. बाहेरून रंगाखाली दडवलेले तडे आतून दिसतात. पुडीवर बकऱ्याच्या कण्याची रेघ बरोबर मधोमध आलेली असावी. ती एका कडेला सरकली असेल, तर दोन बाजूंची जाडी वेगळी पडते आणि सूर जुळत नाही.

कृत्रिम पुडी हवेने बदलत नाही, उघड्यावर वाजवायला उत्तम. पण मोकळ्या थापेतली ऊब बकऱ्याच्याच पुडीत मिळते, म्हणून माझं मत तिलाच.

तिसरी काळी:
दोरीबद्दल. आधी उभ्या दोऱ्या चिमटीत धरून बघा. शेजारच्या दोन सहज एकमेकींना टेकत असतील, तर गाठी मारून उपयोग नाही, उभ्याच पुन्हा ओढून घ्या. त्या घट्ट असतील तर उरलेली दोरी दोन उभ्या दोऱ्यांखालून पुढे न्या, एकीवरून मागे आणा आणि ओढा. दोन्ही एकमेकींना ओलांडून फुली झाली की गाठ बसली. ओढताना जेंबे आडवं ठेवून पाय टेकवा आणि दोरी आखूड दांडक्याला गुंडाळा, नाहीतर तळहात सोलतो.

दोन-तीन गाठी झाल्या की वाजवून बघा. पुडी करकरली तर तिथेच थांबा.

पुड्या बहुतेक फाटतात त्या दमट दिवसांत कचकचून ओढल्यामुळे. तेव्हा ओलाव्याने पुडी सैल असते. पुढे हवा कोरडी झाली की ती आकसते आणि आधीचा ताण तिला पेलत नाही. म्हणून कोरडी हवा सुरू होताच शेवटच्या काही गाठी सोडा. बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका. पुडीला तेलही लावू नका, आवाज मरतो.

अनवट:
खर्ज दबलेला येतो, तेही पुडीमुळेच का?

खोडपारखी:
बहुतेक वेळा नाही. खालचं तोंड जमिनीला टेकलेलं असतं, हवा बाहेर पडत नाही. बसून वाजवताना जेंबे थोडं पुढे कलवा, उभ्याने पट्ट्यावर टांगा. आणि हो, वाजवण्याआधी अंगठ्या काढा.

अनवट:
तडा असलेलं घ्यावं का?

तिसरी काळी:
पायाजवळचा केसाएवढा, वरवरचा तडा भरता येतो. वरच्या वाटीसारख्या रुंद भागात आरपार गेलेला असेल तर घेऊ नका, दोरीच्या ताणाने तो वाढतच जातो.