कामगार की मध्यमवर्गीय? तुमच्या घरातले अनुभव लिहा

करीरोडची_लेक
परवा लेक कॉलेजच्या अर्जासाठी स्वतःविषयी लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं मोठ्यानं वाचलं, "मी एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात वाढले." आई शेजारी लसूण सोलत होती. म्हणाली, "मध्यमवर्गीय म्हणजे कोण गं?" लेक म्हणाली, "आपणच की आजी." आई म्हणाली, "तू असशील. मी गिरणीतली." आणि परत लसूण सोलायला लागली.

आई गिरणीत कधीच कामाला नव्हती. गिरणीत बाबा होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. आईची खानावळ होती. करी रोडला दहा बाय बाराची खोली, पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, पहिल्या पाळीचे डबे भोंग्याआधी तयार हवेत. चौदा जण जेवायला. सगळे सातारा-रत्नागिरीकडचे, बायकामुलं गावी, स्वतः गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचे. एक उठला की त्याच वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आईनं त्यातूनच मोठी पातेली आणि दुसरा स्टोव्ह घेतला. त्याआधी सगळं सावकाराच्या व्याजावर.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुरुवातीला आईनं सगळ्यांना वहीवर जेवू घातलं. मग एकेक जण वळकटी काखेत मारून गावी निघाला. ती वही अजून कपाटात आहे, हिशेब तसेच. बाबांना परत घेतलं नाही. ते भायखळ्याहून भाजी आणून विकायला लागले. आणि माझ्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात १९९० पर्यंत 'गिरणी कामगार' लिहीत राहिले. आठ वर्षं भाजी विकत होते, पण भाजीवाला म्हणून त्यांनी एकदाही लिहिलं नाही. मला तेव्हा राग यायचा, खोटं का लिहितात म्हणून. परवा आईचं ऐकलं आणि तो फॉर्म डोळ्यांसमोर आला.

मी बँकेत लागले, ठाण्यात घर झालं. तुमच्याकडे हे कसं होतं? आपण कुठले, हे कधी आणि कशावरून कळलं?

नाशिकरोडकर
वडील प्रेसमध्ये होते, नोटांच्या. ओव्हरटाइम धरून पगार माझ्या शाळेतल्या गुरुजींपेक्षा जास्त. घरात फ्रिज गल्लीत पहिला आमचा. तरी ताईचं एक स्थळ मोडलं तेव्हा निरोप काय आला, तर "मुलीचे वडील कामगार आहेत, आमच्याकडे सगळे ऑफिसात." मुलगा एका कचेरीत कारकून होता. वडिलांच्या निम्मा पगार. वडील दोन दिवस जेवले नाहीत नीट. पैशावरून ठरत नाही हे मला नववीत कळलं.

मीनलची_आई
करी रोडला कुठे हो? आम्ही डिलाईल रोड, बीडीडी. माझे मामा पण साचेखात्यात! लग्नात कुणी हळू बोललं तरी त्यांना ऐकू यायचं नाही, आणि ते बोलायचे ते मांडवाबाहेर ऐकू जायचं. साच्यांच्या आवाजानं कान गेले होते सगळ्यांचेच

करीरोडची_लेक
@मीनलची_आई अगदी अगदी. बाबा टीव्ही इतका मोठा लावायचे की शेजारच्यांना त्यांचा लावायची गरजच नसे. स्टेशनला लागूनच होतो आम्ही. बीडीडी कितवी चाळ?

त्रासनखाते
साचेखात्याचं सगळे लिहितात म्हणून लिहितो. माझे आजोबा आयुष्यभर त्रासनखात्यात होते, म्हणजे सूतकताईच्या खात्यात. साच्यांवर पगार जास्त, पण तिथं त्यांना घेत नसत. कारण धोट्यातला, म्हणजे मागाच्या शटलमधला, धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा आणि महारानं तोंड लावलेला धोटा दुसरा कुणी तोंडाला लावायला तयार नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न मांडला होता, आमच्या माणसांना विणकामात घेणार का ते आधी सांगा म्हणून. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, हे आजोबांना मान्य होतं, मोर्चाला जायचे. पण घरी येऊन म्हणायचे, "मोर्चात एक, खात्यात दोन." माझ्या घरात 'कामगार' हा शब्द कधीच एकटा नव्हता, त्याच्या मागे नेहमी आणखी एक शब्द होता. मध्यमवर्गाचं तर बोलूच नका, त्या शब्दात आम्ही १९९८ ला शिरलो, मी शिक्षक झालो तेव्हा, आणि भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर लगेच बाहेरही आलो.

भाकरतुकडा
@त्रासनखाते हे माहीत नव्हतं. वाचून थांबले. लिहिलंत ते बरं केलंत.

धुणंभांडी
कप वेगळा होता. कान तुटलेला. आईला त्यातून चहा मिळायचा, मी सोबत गेले की बशीत मला. बाकी काय सांगू.

पांढरंकार्ड
आमच्याकडे सरकारनंच ठरवून टाकलं. १९९९ ला तिरंगी रेशनकार्डं आली ना, पिवळं, केशरी, पांढरं. वर्षाला एक लाखावर उत्पन्न की पांढरं. वडील एसटीत मेकॅनिक, हात कायम ग्रीसनं काळे, साबणाच्या जागी लाकडाचा भुसा वापरायचे. वेतनकरार झाला, आकडा लाखाच्या थोडा वर गेला, पांढरं कार्ड. रॉकेल बंद. आई ते कार्ड हातात घेऊन म्हणाली, "झालो बाई आपण श्रीमंत." नंतर आठवडाभर शेजारणीकडून बाटलीनं रॉकेल आणत होती, गॅसचा नंबर लागला नव्हता अजून.

मीनलची_आई
गॅसच्या नंबरावरून आठवलं, सिलिंडर आलं की आम्ही हळदकुंकू लावायचो त्याला. खरंच.

चाकणपाळी
कंपनीत ठेकेदाराकडून आहे, ७ वर्षं. ड्युटीवर जाताजाता टाकतोय. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा २१,००० आहे, २०१७ पासून तेवढीच. मागच्या वर्षी पगारवाढ मिळून मी २१,६०० वर जाणार होतो. आईचं डायलिसिस ईएसआयमधून चाललंय. ठेकेदाराला जाऊन सांगितलं वाढ नको. तो बघतच राहिला. शेवटी द्यायचीच होती म्हणून दिली. कार्डाची मुदत संपली की मी कागदावर कामगार नाही म्हणे. आठ तास उभं राहून वेल्डिंग करतो. मग मी कोण ते मला पण वाचायचंय इथं. बस आली

नाशिकरोडकर
@चाकणपाळी दादा, महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, टेबल दारातच असतं. मुदत संपायची वाट बघू नका, आत्ताच करा.

भाकरतुकडा
@चाकणपाळी आईंना सांभाळा. माझ्या सासूबाईंचं दोन वर्षं होतं. पाणी मोजून द्यायला लागतं त्याचं फार वाईट वाटतं, त्यांना बर्फाचा बारीक खडा चघळायला द्या, तेवढीच तहान भागते. तोही पाण्याच्या हिशेबात धरायचा मात्र.

ओल्डहॅमजवळ
मी मँचेस्टरच्या बाजूला राहते, नोकरीनिमित्त. इथल्या एका जुन्या गिरणीच्या संग्रहालयात मशीनच्या बाजूला ओतीव अक्षरांत नाव दिसलं, प्लाट ब्रदर्स, ओल्डहॅम. माझे आजोबा परळला फिटर होते, ते "प्लाटचं मशीन" म्हणायचे, मला लहानपणी वाटायचं प्लाट म्हणजे प्लॅटफॉर्मसारखं काहीतरी असेल. मी तिथंच उभी राहून रडले, नवरा घाबरला. तिथं माहिती सांगणारे आजोबा इथल्याच गिरणीतले. मी सांगितलं माझे आजोबा मुंबईत हेच मशीन दुरुस्त करायचे, तर त्यांनी दोरी ओलांडून मला आत घेतलं आणि हात लावायला दिला.

इथं ऑफिसात एक बाई आहे, मोठ्या पदावर, दोन घरं. ती स्वतःला कामगार वर्गातली म्हणवते, कारण वडील खाणीत होते. आपल्याकडे उलटं, पहिली नोकरी लागली की पहिलं काम म्हणजे चाळीचा पत्ता बदलणं. मीही तेच केलं. मुलाखतीत परळ न सांगता दादर सांगितलं होतं मी.

करीरोडची_लेक
@ओल्डहॅमजवळ मी लोअर परळच्या ऐवजी वरळी सांगायचे. आता लोअर परळ म्हटलं की लोक म्हणतात, वा, भारी एरिया.

पेन्शनवाला_९५
मुलगा टाइप करून देतोय. ३१ वर्षे नोकरी, पिंपरीत, टर्नरचं काम. कॉलनीत राहिलो, दिवाळीला २० टक्के बोनस, मुलांना इंग्रजी शाळा, सगळे म्हणायचे तुम्ही आता मध्यमवर्गीय झालात. कंपनी बंद पडली. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधून मला महिना १,८४० रुपये मिळतात. किमान पेन्शन १,००० आहे, २०१४ पासून. तेवढीच मिळणारे आमच्यातले पुष्कळ आहेत. तहसीलला आंदोलनाला बसतो आम्ही, सगळे सत्तरीच्या वरचे. घोषणा त्याच, आवाज तेवढा खाली आलाय. पगार चालू होता तोपर्यंत मध्यमवर्गीय होतो, बाकी काही नाही.

भाकरतुकडा
@धुणंभांडी तुमचं कालपासून डोक्यात आहे. आमच्या घरी असा कप होता. खिडकीत, गजाला अडकवलेला. माझी आई फार प्रेमळ होती, त्या मावशींच्या मुलीला माझे कपडे द्यायची, फी भरली होती एकदा. आणि कप वेगळा. दोन्ही खरं आहे. आम्ही त्या घराला "साधं मध्यमवर्गीय घर" म्हणायचो. मला माफी मागायची आहे, कुणाकडे ते कळत नाही, मावशी गेल्या.

धुणंभांडी
@भाकरतुकडा मुलगी असेल ना त्यांची. फोन करा.

पांढरंकार्ड
@करीरोडची_लेक आईंना एक विचारा ना, चौदा माणसांच्या पिठल्याला पीठ किती लागायचं? आमच्याकडे रविवारी भावंडं जमतायत, बारा जण आहोत, माझा अंदाज दरवेळी चुकतो.

करीरोडची_लेक
विचारलं. म्हणते, अर्धा किलो बेसन, कांदे सात-आठ, लसूण ठेचून घाल, चिरू नको. पीठ आधी गार पाण्यात कालव, गुठळ्या होत नाहीत. आणि मग जरा थांबून म्हणाली, संपात पाव किलोत चौदा जेवायचे. तेव्हा कुणी पातळ झालंय म्हणालं नाही.

वही काढायला सांगितली आहे तिनं. नावं वाचून दाखव म्हणतेय, तिला आता दिसत नाही नीट. बसते जरा तिच्याजवळ, बाकीच्यांना रात्री उत्तर देते.