होमवर्कला बसायचं म्हटलं की रात्रीचे दहा वाजतात, काय करू?

दहावी_सिडको:
नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहतो, दहावीत आहे, मराठी माध्यम. शाळा मग क्लास, घरी यायला साडेसात होतात. जेवून लगेच बसतो असं रोज ठरवतो आणि मोबाईल हातात घेतला की दहा कधी वाजतात कळत नाही, मग मित्राकडून व्हॉट्सॲपवर वहीचे फोटो मागवून उतरवून काढतो. इतिहास, मराठीचं तरी होऊन जातं पण भूमितीला हातच लागत नाही, अंतर्लिखित कोनाचा सरावसंच आठवडाभर तसाच पडलाय. परवा सरांनी वही मागितली तर घरी राहिली म्हणून खोटं बोललो, ते अजून मनाला लागलंय. घरचे आळशी म्हणतात, पण क्रिकेटसाठी मी पहाटे पाचला उठून सायकलवर गोल्फ क्लब ग्राउंडला जातो, मग आळशी कसा??

गणिताच्या_बाई:
बाळा, तू आळशी नाहीस. तुझंच लिहिलेलं परत वाच, इतिहास होतो आणि भूमितीच अडते, म्हणजे गणित येणार नाही ही धास्ती आहे आणि मोबाईल घेतला की ती तेवढ्यापुरती विसरायला होते. सिरॉइस आणि पिचिल या अभ्यासकांनी 2013 मध्ये हेच मांडलंय, की टाळाटाळ मुळात नकोशा भावनेपासून पळण्यासाठी असते, वेळेचं नियोजन हा पुढचा भाग. म्हणून आज गणित सोडवायचंच नाही. फक्त आकृती काढायची, पक्ष आणि साध्य लिहायचं, कुठला कोन वर्तुळाचा कुठला कंस अंतर्खंडित करतो, म्हणजे आपल्या आत घेतो, ते पेन्सिलने गिरवायचं. बऱ्याचदा एवढ्यावरच पुढची पायरी दिसते, कारण कोन कंसाच्या निम्मा हे एक प्रमेय त्या सगळ्या सरावसंचात फिरत असतं. जिथे अडेल तिथे समासात प्रश्नचिन्ह करून पुढे जा. मी इतकी वर्षं वह्या तपासल्या, उतरवलेली वही लगेच ओळखू येते, आणि प्रश्नचिन्हं असलेली वही बघून कुठे शिकवायचं राहिलं ते मला कळतं. बोर्डाला भूमितीचा 40 मार्कांचा स्वतंत्र पेपर असतो, तिथे मित्राची वही नसते रे. सरांना खरं सांगून टाक, ते ओझं डोक्यावर ठेवून अभ्यास होत नाही.

गिरणारेकर:
भावा मी पण यातून गेलोय, आता डिप्लोमाला आहे. पोमोदोरो करून बघ, 25 मिनिटं काम 5 मिनिटं सुट्टी. इटलीच्या फ्रांचेस्को चिरिलोने कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून हे सुरू केलं, इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो, आमच्या गिरणाऱ्याला तर मार्केटभर टोमॅटोच असतो म्हणून मला ते नाव लगेच पाठ झालं. मला 25 झेपायचे नाहीत, मी 10 वर सुरू केलं. आणि टायमर मोबाईलवर लावू नको, तिथेच घोळ होतो, साधं गजराचं घड्याळ घे. मोबाईल मी आजीकडे द्यायचो आणि ती तिच्या उशीखाली ठेवायची, मागायला जायची लाज वाटायची.

इंदिरानगरची_आई:
मी पण मुलीला आळशी म्हणायचे, आता फार वाईट वाटतं त्याचं. जेवणानंतर बसायचं हेच आमच्याकडे चुकत होतं, पोट भरलं की पेंग येते. आता ती क्लासवरून आली की हातपाय धुऊन माझ्या भाकरी होईपर्यंत ओट्यासमोरच्या टेबलावर बसते, सगळ्यात नावडता विषय आधी. मी काही विचारत नाही, फक्त तिथे असते. तुझ्या आईला हे वाचायला दे बाळा.

दहावी_सिडको:
बाई, काल फक्त आकृत्या काढायच्या म्हणून बसलो आणि चार गणितं सुटली, दोनला प्रश्नचिन्ह आहे. मोबाईल आईकडे दिला होता. आज सरांना वही दाखवली आणि परवाचं पण सांगितलं, सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले मधल्या सुट्टीत ये, त्या दोन प्रश्नचिन्हांचं बघू. दुसरं मला आता समजलंय, पहिल्यात अजून कंस कुठला घ्यायचा तिथे अडतंय, रात्री आकृती टाकतो इथे.